आकसणीची सूट

उद्यमनगरात एकतीस वर्षं मी लाकडाचे पॅटर्न केले.
पंपाची पोटं, व्हॉल्व्हच्या माना, गुऱ्हाळाच्या चरकाचे दात.
ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं,
म्हणून लाकूड आधीच जरा मोठं ठेवायचं,
फुटाला एक सूत.
एवढा हिशोब मला झोपेतही येतो.

माझाच वरचा जबडा उजवीकडनं काढला,
गालासकट, डोळ्यासकट.
तिथं सूट कुणी ठेवली नव्हती.
मावा मीच मळत होतो. तक्रार नाही.

टाळूला भोक पडलं की अक्षरं नाकात पळतात.
प चा म होतो, ब चाही म.
पाणी मागावं तर माणी.
बायकोला हाक मारली, पारू.
बाहेर पडलं : मारू.
ती भाकरी थापत होती, वळली नाही.
म्हणाली, मारा की, इचारताय काय?
मग पदर तोंडाला लावून हसली का रडली
ते एका डोळ्यानं नीट दिसलं नाही.

डॉक्टर मुजावर माझ्या थोरलीच्या वयाची.
खिडकीपाशी बसवलं, ट्यूब बंद केली.
रंग दिवसाच्या उजेडातच जुळतो, म्हणाली.
सिलिकॉनच्या चकत्या डाव्या गालाला लावून बघायची,
जरा पिवळा, जरा लाल,
मग सुईच्या टोकावर निळा.
तुमच्यात तांबूस जास्त आहे हो.
मी वहीत लिहिलं : भट्टी.

टाळूचा साचा हातात घेतला
तेव्हा कितीतरी महिन्यांनी मला घरी आल्यासारखं वाटलं.
फिरवून बघितला. लिहिलं :
इथं खाच राहिलीय. काढताना अडकेल.
अडकायलाच पाहिजे काका,
नाहीतर जेवताना खाली पडेल.

जन्मभर मी सुटण्यासाठी उतार देत आलो.
ही पोरगी धरून ठेवायला खाच ठेवते.

मेणाचा गाल गुळगुळीत केला होता तिनं, लग्नातल्या फोटोसारखा.
मी बोट ठेवलं. शिरोलीला ओतकामात उडालेली ठिणगी,
जोंधळ्याएवढा डाग होता इथं.
लोक डाग घालवायला येतात, म्हणाली.
लिहिलं : तो माझा आहे. बाकी सगळं तुमचं.
तिनं काही न बोलता ब्रश बदलला.

कुंभार गल्लीत डोळे शेवटी आखतात. इथंही.
बुबुळ तिनं तीनदा पुसलं.

मग एके सकाळी टाळू बसवली, चष्म्याला जोडलेला गाल चढवला.
बोला काहीतरी.
पहिला शब्द कोणता, हे आठवडाभर ठरवून ठेवलं होतं.
तोंडातनं आलं : पंप.
दोन्ही प शाबूत.

बाहेर बाकावर पारू.
तिनं उजव्या गालाला हात लावला, मला काही कळलं नाही,
काटा मात्र डाव्या गालावर आला.

रंकाळ्यावर त्या संध्याकाळी
एका पोरानं माझ्याकडं बघितलं
आणि परत आपल्या भेळेकडं.
बस, एवढ्यासाठीच चालला होता सगळा खटाटोप.

उन्हाळ्यात तुम्ही काळवंडाल, हा गाल नाही, डॉक्टरनं बजावलंय.
दोन वर्षांत रंग उडेल, नवा करू.
आतली जखमही आकसत राहील,
टाळू वरचेवर घासावी, भरावी लागेल.
मी मान डोलावली.
आकसणं मला कुणी शिकवायला नको.

रात्री दोन्ही तुकडे धुऊन डबीत ठेवतो.
दिवा मालवल्यावर हाक मारतो.
मारू.
मारा, ती म्हणते अर्धवट झोपेत,
आणि भिंतीकडं सरकून
मला लागते त्याहून सूतभर जास्त
जागा करते.